बीरगांवच्या पाण्यात काय आहे, हे सांगायचे कोणी?

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी रायपूर सोडून पुढे निघाली की काही मिनिटांतच धुराड्यांची रांग दिसू लागते. उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींच्या कुशीत वसलेले बीरगांव हे याच पट्ट्यातले. स्वतंत्र महानगरपालिका असलेल्या या गावाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच लाखाच्या घरात होती. स्पंज आयर्न, रोलिंग मिल, फेरो अलॉय आणि त्यांच्याभोवती वाढलेले लहानमोठे धातुउद्योग हा येथील अर्थव्यवहाराचा कणा. देशाच्या पुलांत, इमारतींत आणि रेल्वेमार्गांत जे पोलाद जाते, त्यातील काही अंश या कामगारवस्तीच्या घामातून येतो. त्या बदल्यात या वस्तीला किमान एवढे विचारण्याचा अधिकार आहे की, आमच्या नळाला, हातपंपाला आणि टँकरला येणाऱ्या पाण्यात काय आहे?

धातुउद्योगांच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी या प्रश्नाचे एक नेमके नाव आहे : क्रोमियम. पोलादाला गंजरोधक करणारा, चामडे कमावण्यासाठी, मुलामा देण्यासाठी आणि रंगद्रव्यांसाठी लागणारा हा धातू निसर्गात प्रामुख्याने दोन रूपांत वावरतो. त्रिसंयुजी क्रोमियम पाण्यात फारसे विरघळत नाही आणि तुलनेने निरुपद्रवी असते. षट्संयुजी क्रोमियम मात्र पाण्यात सहज विरघळते, मातीला चिकटून न राहता भूजलाबरोबर प्रवास करते आणि पेशींत शिरते. श्वासावाटे गेलेले षट्संयुजी क्रोमियम माणसात कर्करोग घडवते, याविषयी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या मनात शंका नाही. तिने ते पहिल्या वर्गात घातले आहे. पाण्यावाटे होणाऱ्या परिणामांविषयी वाद दीर्घकाळ चालला. तथापि अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पिण्याच्या पाण्यातून हे द्रव्य दिलेल्या उंदरांच्या तोंडात आणि लहान आतड्यात गाठी आढळल्या, तेव्हापासून ‘पोटात गेल्यावर ते निरुपद्रवी होते’ हा युक्तिवाद पूर्वीइतक्या आत्मविश्वासाने करता येत नाही.

या दोन रूपांमधली सीमारेषा कायमची नसते. मातीतील मँगनीजची ऑक्साइडे निरुपद्रवी रूपाचे घातक रूपात परिवर्तन करू शकतात. म्हणजे कारखान्याच्या कुंपणाबाहेर टाकलेली मळी आज निर्धोक ठरली, तरी दहा पावसाळ्यांनंतर ती तशीच राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. आणखी एक गोष्ट. मर्यादेच्या आसपास असलेले क्रोमियम डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, उकळल्याने जात नाही. पाणी पिवळसर दिसू लागते तेव्हा मर्यादा कित्येक पटींनी ओलांडली गेलेली असते. गढूळ पाण्याविरुद्ध घागरी घेऊन मोर्चा निघू शकतो. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याविरुद्ध तो निघत नाही. म्हणूनच येथे नागरिकाचे डोळे निरुपयोगी ठरतात आणि राज्यसंस्थेची प्रयोगशाळा हाच त्याचा एकमेव आधार उरतो.

भारतीय मानक ब्युरोच्या १०५०० क्रमांकाच्या, २०१२ साली सुधारलेल्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये, आणि या मर्यादेत कोणतीही शिथिलता नाही. हा आकडा किती लहान आहे, हे समजण्यासाठी गावातली दहा लाख लिटरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणावी. एवढ्या पाण्यात विरघळलेले अवघे ५० ग्रॅम क्रोमियम, म्हणजे चहाच्या कपातही सहज मावेल एवढा ऐवज, ही मर्यादा गाठण्यास पुरेसा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडाही हाच आहे. युरोपीय संघ २०३६ पासून तो निम्म्यावर आणणार आहे. कॅलिफोर्नियाने षट्संयुजी क्रोमियमसाठी ०.०१ मिलिग्रॅमची स्वतंत्र मर्यादा ठरवली आहे.

म्हणजे आकड्यांच्या बाबतीत आपण मागासलेले नाही. मागासलेपण आहे ते त्या आकड्याच्या अंमलात. बाटलीबंद पाणी विकणाऱ्याला मानक ब्युरोचे प्रमाणपत्र दीर्घकाळ सक्तीचे होते. नळाने पाणी पुरवणाऱ्या नगरपालिकेला मात्र हे मानक ऐच्छिक, ही विसंगती आपण वर्षानुवर्षे पचवली आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात तत्कालीन केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री रामविलास पासवान यांनी दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्यांमधील नळाच्या पाण्याची क्रमवारी जाहीर केली, तेव्हा मुंबईचे सर्व नमुने उत्तीर्ण झाले होते आणि रायपूर पाचव्या स्थानी होते. मुंबईकरांना त्याचा अभिमान वाटला, तो रास्तच होता. पण ती पाहणी राजधान्यांची होती. राजधानीच्या वेशीवरच्या औद्योगिक उपनगराला अशा क्रमवारीत जागा नसते, आणि धोका नेमका तेथे दाटलेला असतो.

ग्रामीण भागात चित्र वेगळे नाही. जलजीवन मिशनने गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण दिले, ही या कार्यक्रमाची खरोखरच स्तुत्य बाजू. परंतु त्यांच्या हाती दिलेल्या संचात आम्लता, गढूळपणा, क्षारता, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह आणि उर्वरित क्लोरीन अशा गोष्टी तपासता येतात. क्रोमियम त्यात बसत नाही. त्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळा, महागडे यंत्र आणि प्रशिक्षित रसायनज्ञ लागतो. जे तपासलेच जात नाही ते सापडत नाही, आणि जे सापडत नाही ते नाही असे समजले जाते. प्रशासनात आयुष्य काढलेल्या कोणालाही ही तर्कपद्धती परिचित असेल. ‘निरंक’ या शब्दाइतका सोयीचा शब्द शासकीय कोशात दुसरा नाही.

या तर्कपद्धतीची किती किंमत मोजावी लागते, याचे उदाहरण आपल्या शेजारी आहे. १९७० च्या दशकापासून बांगलादेशात लाखो नलिका विहिरी खोदल्या गेल्या. हेतू उदात्त होता : तळ्यांतील दूषित पाण्याने मरणाऱ्या मुलांना वाचवणे. पाण्यात जंतू नाहीत, एवढे पाहिले गेले. आर्सेनिक पाहिले गेले नाही. १९९२ मध्ये ब्रिटनच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने तेथील भूजलाची तपासणी केली, तिच्याही यादीत आर्सेनिक नव्हते. पुढे एका पीडित ग्रामस्थाने त्या संस्थेला न्यायालयात खेचले. २००६ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की, जे तपासण्याचे काम संस्थेने अंगावर घेतलेच नव्हते, त्याबद्दल तिला जबाबदार धरता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल सुसंगत असेल. पण त्यातून निघणारा धडा पाणी पिणाऱ्यांसाठी कठोर आहे : तपासणीची यादी कोण ठरवतो, यावर कोणाचा आजार नोंदला जाणार हे ठरते.

आपल्या देशात क्रोमियमचा इतिहास याहून अधिक उघडा आहे. उत्तर प्रदेशात कानपूर देहातमधील रनिया-खानचंदपूर परिसरात १९७६ पासून क्रोमियमयुक्त कचऱ्याचे ढीग उघड्यावर साचत गेले आणि आसपासच्या गावांचे भूजल पिवळे झाले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ च्या अखेरीस २२ उद्योगांवर मिळून २८० कोटी रुपयांची भरपाई लादली आणि निष्क्रियतेबद्दल राज्य सरकारलाही १० कोटींचा भुर्दंड ठोठावला. आदेश कडक होता. पण तो यायला चार दशके लागली होती. तमिळनाडूतील राणीपेट येथे क्रोमेट तयार करणारा कारखाना १९७६ मध्ये सुरू झाला आणि १९९५ मध्ये बंद पडला. मागे उरला दीड लाख टनांहून अधिक विषारी कचऱ्याचा डोंगर, जो त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ तेथेच पावसात भिजत राहिला. कारखाना १९ वर्षे चालला. त्याचा कचरा त्याच्याहून दीर्घायुषी ठरला. ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात देशातील क्रोमाइटचा बहुतांश साठा आहे. तेथील खाणींचे पाणी दमसाला नाल्यातून ब्राह्मणी नदीकडे जाते, आणि २००७ मध्ये जगातील दहा सर्वाधिक प्रदूषित स्थळांच्या एका यादीत सुकिंदाचे नाव झळकले होते.

या तिन्ही ठिकाणी एक समान सूत्र दिसते. कायदा होता, मंडळ होते, परवाने होते, नमुनेही घेतले जात होते. नव्हते ते एवढेच की, नमुन्याचा निष्कर्ष ज्याच्या घरी ते पाणी जाते त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचे बंधन कोणावरही नव्हते.

बीरगांवच्या बाबतीत भूगर्भरचना ही चिंता वाढवणारी बाब आहे. रायपूरचा परिसर छत्तीसगड खोऱ्यातील चुनखडक आणि शेल यांच्या थरांवर वसलेला आहे. दख्खनच्या कातळापेक्षा हा खडक वेगळा वागतो. चुनखडकात पाणी हळूहळू झिरपत, गाळले जात खाली जाईलच असे नाही. ते विरघळून झालेल्या भेगांतून आणि पोकळ्यांतून धावते. पृष्ठभागावर आज टाकलेले द्रव्य कोणत्या दिशेच्या कोणत्या बोअरमध्ये उद्या उगवेल, हे सांगणे अशा प्रदेशात कठीण असते. त्यामुळे एका हातपंपाचा नमुना निर्दोष निघाला म्हणून शंभर पावलांवरचा दुसरा हातपंप निर्दोष मानणे, हा विज्ञानाचा उपमर्द ठरेल.

दुसरी बाब आपल्या सांडपाण्याच्या मानकांची. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार कारखान्याला नदी-नाल्यात सोडण्याच्या सांडपाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत एकूण क्रोमियम आणि ०.१ मिलिग्रॅमपर्यंत षट्संयुजी क्रोमियम असण्याची मुभा आहे. पहिला आकडा पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या चाळीस पट, तर दुसरा दुप्पट. या दोन मानकांमधील दरी भरून काढण्याचे काम वाहत्या नदीवर सोपवलेले आहे. सांडपाणी तिच्यात मिसळून पातळ होईल, असे गृहीत आहे. परंतु मे महिन्यात औद्योगिक वसाहतीच्या नाल्यात वाहते पाणी असते कोठे? उन्हाळ्यात नाला म्हणजे सांडपाणीच. एखादा कारखाना कागदोपत्री पूर्णपणे कायद्यात राहूनही शेजारच्या भूजलाला पिण्यास अयोग्य करू शकतो, ही आपल्या नियमांच्या रचनेतच असलेली उणीव आहे. तिच्यासाठी कोणा लबाड उद्योजकाचा शोध घेण्याची गरज नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला रायपूरविषयी आणखी एक गोष्ट आठवते. भोसल्यांच्या अंमलाखालून छत्तीसगड इंग्रजांच्या देखरेखीखाली आल्यावर, १८१८ मध्ये कारभाराचे ठिकाण रतनपूरहून रायपूरला आले. तळ्यांच्या या नगरीला १८९२ मध्ये पहिली नळयोजना मिळाली ती नांदगावचे संस्थानिक राजा बलरामदास यांच्या देणगीतून, आणि पाणी घेतले गेले ते खारून नदीच्या वाळूतून. वाळू हीच तेव्हाची गाळणी होती आणि त्या काळच्या धोक्यांना ती पुरेशी होती. पटकीच्या साथीशी झुंजणाऱ्या एकोणिसाव्या शतकाने पाण्यातील जंतूंवर मात करण्याची संस्थात्मक व्यवस्था उभी केली : नळ, गाळणी, आरोग्य अधिकारी. आपली पाणीपुरवठा खाती आजही मूलतः त्याच व्यवस्थेची वारस आहेत. पण धातूला वाळू अडवत नाही आणि क्लोरीन मारत नाही. किंबहुना क्लोरीनच्या संपर्कात त्रिसंयुजी क्रोमियमचे षट्संयुजी रूप बनण्याची शक्यताच असते. एकविसाव्या शतकातील उद्योगनगरीला एकोणिसाव्या शतकाची जलव्यवस्था पुरणार नाही.

छत्तीसगडमध्ये पाण्यावरील पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्नही जुना आहे. अविभक्त मध्य प्रदेशाच्या काळात, १९९८ मध्ये, दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी शिवनाथ नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा एका खासगी कंपनीच्या हाती गेला आणि काठावरच्या मच्छीमारांना आपलीच नदी परकी झाली. उद्योगाला पाणी देण्यासाठी जी तत्परता दाखवली जाते, ती उद्योगाने बिघडवलेले पाणी तपासण्यासाठी दाखवली जावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. त्याच राज्यातील गरियाबंद जिल्ह्यातील सुपेबेडा गाव मूत्रपिंडाच्या आजाराने वर्षानुवर्षे माणसे गमावत आले. पाण्यावर आणि मातीवर संशय घेतला गेला, पथके आली, नमुने गेले; पण गावकऱ्यांना निःसंदिग्ध उत्तर मिळायला जो विलंब झाला, त्यात एक पिढी खर्ची पडली. कारण शोधायला वेळ लागतो, हे मान्य. परंतु संशय आल्याक्षणी पर्यायी पाणी द्यायला कारण पूर्णपणे सिद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व फार पूर्वी मांडले आहे. १९९१ च्या सुभाष कुमार प्रकरणात प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. १९९६ मध्ये बिछडी आणि वेल्लोर या दोन निकालांनी अनुक्रमे ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ आणि ‘खबरदारी आधी’ ही तत्त्वे आपल्या कायद्याचा भाग बनवली. राजस्थानातील बिछडीच्या प्रकरणात मात्र वसुलीसाठी त्याच न्यायालयाला २०११ मध्ये पुन्हा कठोर शब्दांत आदेश द्यावा लागला. ३७ कोटींहून अधिक रकमेवर चक्रवाढ व्याज लावावे लागले. वेल्लोरच्या पालार खोऱ्यातील चर्मोद्योगांविषयी तर जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा निकाल द्यावा लागला. तत्त्व आणि तोटी यांच्यातील अंतर हे असे तीन-तीन दशकांचे आहे.

अलीकडच्या दोन बदलांकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागेल. २०२४ च्या दुरुस्तीने १९७४ च्या जल कायद्यातील अनेक गुन्ह्यांसाठीचा तुरुंगवास काढून त्याजागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला गेला. तुरुंगवासाची तरतूद फारशी वापरली जात नव्हती, हा तिचा बचाव पोकळ नाही. पण मोठ्या पोलाद उद्योगाच्या ताळेबंदात १५ लाख हा शिक्षेचा आकडा नसून किरकोळ खर्चाचा असतो. दुसरा बदल आशादायक आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित स्थळांची यादी द्यायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, नंतर सविस्तर सर्वेक्षण, जबाबदार पक्षाची निश्चिती आणि त्याच्या खर्चाने शुद्धीकरण, असा कालबद्ध क्रम प्रथमच घालून दिला गेला. देशात ओळखल्या गेलेल्या १०३ दूषित स्थळांपैकी केवळ सात ठिकाणी प्रत्यक्ष काम सुरू झाले होते, ही नियम येतेवेळची स्थिती पाहता त्यांची निकड वेगळी सांगायला नको.

या नियमांचा जीव जिल्हाधिकाऱ्याच्या पहिल्या यादीत आहे. ती ‘निरंक’ गेली की पुढची सारी कालमर्यादा निरर्थक. उरला-सिलतरा पट्ट्यासाठी म्हणूनच काही गोष्टी ठामपणे मागायला हव्यात. पहिली, बीरगांव महानगरपालिकेच्या हद्दीतील प्रत्येक सार्वजनिक जलस्रोताची, मग तो नळ असो, बोअर असो वा टँकर भरण्याचे ठिकाण, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी व्हावी. तीत एकूण आणि षट्संयुजी क्रोमियम वेगवेगळे मोजले जावे. दुसरी, निष्कर्ष पंधरा दिवसांच्या आत त्या त्या स्रोतावरच, हिंदी आणि छत्तीसगढीत, रंगवून लावला जावा. आर्सेनिकग्रस्त भागांत हातपंप लाल आणि हिरवे रंगवून निरक्षर बाईलाही जे कळवता आले, ते येथे का कळवता येऊ नये? तिसरी, मर्यादा ओलांडल्याचे दिसताच तो स्रोत बंद करून पर्यायी पाणी देण्याची जबाबदारी एका नामनिर्दिष्ट अधिकाऱ्यावर असावी. आज महानगरपालिका पाणी देते, सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभाग तपासतो, पर्यावरण संरक्षण मंडळ कारखाने पाहते, केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरी मोजते आणि उद्योग विकास महामंडळ भूखंड वाटते. पाच हातांत विभागलेली जबाबदारी ही सहसा कोणाचीच नसते.

यावर येणारे आक्षेप ठाऊक आहेत. निष्कर्ष जाहीर केले तर घबराट पसरेल, हा पहिला. घबराट माहितीने पसरत नाही, अफवेने पसरते. आणि अफवा तेथेच रुजते जेथे अधिकृत आकडा दडवला जातो. रोजगार बुडेल, हा दुसरा. हा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही, कारण कारखाना बंद झाला तर पहिली भूक त्याच कामगाराच्या घरी येते जो ते पाणी पितो. पण फेरस सल्फेटने षट्संयुजी क्रोमियमचे निरुपद्रवी रूपात परिवर्तन करून ते वेगळे काढणे ही दुर्मीळ विद्या नव्हे. कारखान्याच्या कुंपणाआत ते करणे हे भूजलात पसरल्यावर करण्यापेक्षा अनेक पटींनी स्वस्त पडते. खर्चाचा तिसरा आक्षेप मात्र प्रामाणिकपणे मांडला जावा. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये आणलेली कडक मर्यादा २०१७ मध्ये न्यायालयाने याच कारणासाठी रद्दबातल ठरवली की, लहान पाणीपुरवठा संस्थांना ती परवडेल का, याचा नीट विचार झाला नव्हता. राज्याने तो विचार करून २०२४ मध्ये तीच मर्यादा पुन्हा आणली. खर्चाचा प्रश्न विचारणे म्हणजे मानक नाकारणे नव्हे, हे यातून शिकण्यासारखे आहे. आपल्याकडे हिशेब न करताच असमर्थता जाहीर होते.

ज्याला परवडते तो घरात शुद्धीकरण यंत्र बसवून या प्रश्नातून बाहेर पडतो. त्यामुळे ज्यांचा आवाज ऐकला जातो त्यांची तहान आणि ज्यांचा ऐकला जात नाही त्यांची तहान वेगळी होते. सार्वजनिक पाणी म्हणजे केवळ गरिबांचे पाणी, असे एकदा झाले की त्याच्या दर्जाविषयी भांडणारे कोणी उरत नाही.

मराठी वाचकाने हा प्रश्न परराज्याचा म्हणून बाजूला ठेवू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक समूहांचा प्रदूषण निर्देशांक जाहीर केला, तेव्हा छत्तीसगडचे कोरबा आणि आपले चंद्रपूर ऐंशीच्या वर, जवळजवळ बरोबरीने उभे होते. डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूरही अतिप्रदूषितांच्या यादीत होते. सिंधुदुर्गात कणकवली परिसरात आणि भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ क्रोमाइटचे साठे आहेत. आपल्या महानगरपालिकेने गेल्या वर्षभरात पिण्याच्या पाण्यातील जड धातू किती वेळा तपासले आणि ते आकडे कोठे वाचायला मिळतात, हा प्रश्न चंद्रपूरच्या, तारापूरच्या किंवा बुटीबोरीच्या नागरिकाने विचारून पाहावा. माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला, तर तेच एक उत्तर आहे; कारण जे पाणी रोज सकाळी न मागता घरात येते, त्याचा दाखलाही न मागताच मिळायला हवा.